मीरा की मायरा?

दोन महिन्यांपूर्वी मी मामा झालो. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, बाळाचा आवाज खणखणीत आहे, आणि बाळाला अजून नाव नाही. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी आहे. कायद्याला त्याची घाई नाही. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव नंतर भरायची सोय आहे, आणि पहिल्या बारा महिन्यांत तर त्याची फीसुद्धा लागत नाही. घाई आहे ती चर्चला. स्नानसंस्काराचा रविवार ठरलाय, केकची ऑर्डर दिलीय, आणि केकवाल्याचा दोनदा फोन येऊन गेलाय, "नाव काय लिहायचं?"

यादी मोठी होती. रात्री-बेरात्री बाळ जागं असताना ती घासून घासून दोन नावांवर आली आहे: मीरा आणि मायरा. रोमन लिपीत लिहिलं तर भांडण एका अक्षराचंच आहे, आय की वाय. पण या एका अक्षरावरून आमच्या घरात गेले तीन आठवडे जे चाललंय, ते पाहून मला वाटलं की आपल्या मंडळाच्या अंकासाठी याहून चांगला विषय मिळणार नाही. शिवाय मी साहित्याचा विद्यार्थी, म्हणजे घरच्यांच्या मते शब्दांच्या बाबतीत तज्ज्ञ. "तू अभ्यास करून सांग," असं ताई म्हणाली. अभ्यास केला. माझं मत मीराच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तिथपर्यंत जाताना माझा पाय दोनदा घसरला, तेही सांगणार आहे.

मायरापासून सुरू करू, कारण ते ताईच्या मनातलं नाव आहे. नावांचे अर्थ देणाऱ्या साईट्स तिने मला फोनवर दाखवल्या. एकीवर मायरा म्हणजे लाडकी, दुसरीवर गोड, तिसरीवर अद्भुत. एक म्हणते संस्कृत, दुसरी म्हणते ग्रीक, तिसरी म्हणते अरबी. मला वाटतं, आईबापांना जे आवडेल ते वाढायचं, अशी या साईट्सची पद्धत असावी. इंग्रजीच्या संदर्भग्रंथांत मात्र वेगळीच गोष्ट आहे. हे नाव एका कवीने घडवलं असं मानलं जातं. त्याचं नाव फुल्क ग्रेव्हिल, 1554 ते 1628. सर फिलिप सिडनीचा मित्र आणि पुढे त्याचा चरित्रकार. त्याच्या 'सेलिका' या कवितामालेत प्रेयसीला वेगवेगळी नावं आहेत, कुठे सेलिका, कुठे सिंथिया, कुठे मायरा. त्याच्या मृत्यूनंतर, 1633 मध्ये, त्या छापल्या गेल्या. त्याने ते लॅटिनमधल्या 'आश्चर्य वाटणे' या अर्थाच्या धातूवरून घेतलं की गंधरसाच्या नावावरून, यावर तर्क आहेत.

कवीने नाव घडवलं यात मला काही गैर वाटत नाही. 'द टेम्पेस्ट'मधली मिरांडा शेक्सपिअरने घडवली. व्हेनेसा हे नाव जोनाथन स्विफ्टने आपल्या एस्थर नावाच्या मैत्रिणीसाठी, तिच्याच नाव-आडनावाचे तुकडे जोडून बनवलं, आणि आज कुठल्याही चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेनंतर व्हेनेसा अशी हाक मारा, दोघी तरी वळून बघतील. मुद्दा तो नाही. मुद्दा आत्याचा आहे.

आत्याचं म्हणणं असं, की मायरा आपल्यातलं वाटतं आणि मीरा त्यांच्यातलं. मी तिला विचारलं, कुठली संत मायरा तुला ठाऊक आहे? ती थांबली आणि दुसऱ्या दिवशी बायबल घेऊनच आली. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असतात, तेव्हा लुकिया प्रांतातल्या या नावाच्या बंदरात त्याला उतरवून दुसऱ्या जहाजात बसवतात. शिवाय संत निकोलस, म्हणजे आपला नाताळबाबा, त्याच गावचा बिशप. आज ते गाव तुर्कस्तानात आहे, त्याला देमरे म्हणतात. आत्याचा शोध मला मनापासून आवडला. पण हे म्हणजे मुलीला एका बस स्टँडचं नाव ठेवण्यासारखं झालं. बायबलमध्ये आहे म्हणून नाव चालतं म्हटलं, तर बायबलमध्ये बाबेलही आहे.

खरं हे आहे की मायरा ख्रिस्ती वाटतं कारण ते इंग्रजी वाटतं. ही गल्लत आपण इतक्या वर्षांपासून करतो आहोत की आता ती गल्लत वाटतच नाही. चर्चचा नियम तरी काय सांगतो? 1983च्या कॅनन लॉमधला 855वा नियम एवढंच म्हणतो की ख्रिस्ती भावनेला परकं असेल असं नाव दिलं जाऊ नये, ही काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरूंनी घ्यावी. संताचंच नाव हवं, बायबलमधलंच हवं, असं त्यात नाही. त्याआधीची 1917ची संहिता जास्त कडक होती. ख्रिस्ती नाव द्यावं, आईवडील ऐकत नसतील तर त्यांच्या नावाला एखाद्या संताचं नाव जोडावं, आणि दोन्ही पुस्तकात लिहावीत. म्हणजे जुन्या कडक नियमातसुद्धा आईवडिलांनी ठेवलेलं नाव खोडलेलं नाही.

हे मी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, आणि तेवढ्यात ताईने कागदावर चार अक्षरं लिहिली. मायरा, इंग्रजीत. त्याखाली तीच चार अक्षरं फिरवून लिहिली: मेरी.

मी म्हटलं, ही इंग्रजीतली गंमत. आपण घरात रोझरी मराठीत म्हणतो, तिथे मेरी कुठे, तिथे मरिया आहे. आणि हे म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. मायरा: म, य, र. मरिया: म, र, य. काना-वेलांट्या सोडल्या तर देवनागरीतही अक्षरं तीच. ताई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. हा माझा पाय पहिल्यांदा घसरला.

दुसऱ्यांदा घसरला तो समोरच्या लग्नात. इंदूरला राहणाऱ्यांना मायरा हा शब्द नवा नाही, फक्त आपण तो मुलीच्या नावाशी जोडत नाही. मारवाडी आणि माळवी घरांत भाचा-भाचीच्या लग्नात मामा जो आहेर घेऊन येतो, त्याला मायरा म्हणतात. आमच्या गल्लीत गेल्या मोसमात असा एक आला. पुढे ढोल, मागे परातींत साड्या, कपडे, मिठाई. नवरीची आई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी. भावाने तिच्या डोक्यावर चुनरी घातली आणि त्या बाई, ज्या एरवी सगळ्या गल्लीला दम देतात, ढसाढसा रडायला लागल्या. या प्रथेमागे नरसी मेहतांची कथा आहे. कफल्लक बाप लेकीच्या सासरी आहेर काय नेणार, तेव्हा कृष्ण स्वतः येऊन मायरा भरतो. हीच कथा वडोदऱ्याच्या प्रेमानंदाने 1683 मध्ये गुजरातीत 'कुंवरबाईनुं मामेरुं' म्हणून सांगितली. राजस्थानात त्याला मायरो म्हणतात आणि माहेरोसुद्धा. माहेरो म्हटलं की मराठी माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि गंमत बघा, 'नरसीजी रो मायरो' नावाची एक रचना सांगितली जाते ती मीराबाईच्या नावावर. ती खरंच तिची का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण म्हणजे ज्या दोन नावांत आमचं घर दुभंगलंय, ती दोन नावं राजस्थानात कधीच एकत्र येऊन बसली आहेत.

त्या रात्री मी जवळजवळ मायरावर शिक्कामोर्तब केलं होतं. मरिया आत आहे, माहेर आत आहे, आणखी काय पाहिजे? सकाळी आई म्हणाली, "अरे पण ते मुलीचं नाव कुठंय, ते तर सामानाचं नाव झालं." आई शाळेत फार शिकली नाही, पण टीकेच्या पेपरात ती मला मागे टाकील.

आता मीरा. मीराबाईच्या आयुष्याबद्दल खात्रीने सांगता येईल असं कमीच आहे. सोळाव्या शतकातली, मेडत्याच्या राठोड घराण्यातली लेक, मेवाडच्या राजघराण्यातली सून. नवरा लवकर गेला. बाकी बरंचसं लोकांनी सांगत आणलेलं. नावाचा अर्थही पक्का नाही. कुणी ते फारसी 'मीर'शी जोडतात, कुणी मेडता या गावाशी. संस्कृत कोशांत 'मीर' म्हणजे समुद्र असा एक अर्थ दिलेला आहे. आणि इथे मला जरा बरं वाटलं, कारण आपल्याकडे संत जेरोम, ज्याने बायबल लॅटिनमध्ये आणलं, त्याने मरियम या नावाचा अर्थ लावला होता 'समुद्राचा थेंब'. पुढे नकला करणाऱ्यांच्या हातून लॅटिनमधल्या 'स्टिला'चं 'स्टेला' झालं, थेंबाचा तारा झाला, आणि पवित्र मरियेला समुद्राचा तारा म्हणायला लागले, असं सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या पेपरात लिहू नका, मार्क मिळणार नाहीत. पण बारशाला व्युत्पत्ती बरोबर असायलाच हवी असं कुठे आहे?

मीरा हे नाव कुणा एका धर्माच्या ताब्यात राहिलेलं नाही, हेही बघण्यासारखं आहे. मॅडलिन स्लेड, एका ब्रिटिश ॲडमिरलची मुलगी, 1925 मध्ये साबरमतीला आली आणि गांधीजींनी तिचं नाव मीरा ठेवलं. पाँडिचेरीच्या माताजी पॅरिसमध्ये जन्मल्या आणि त्यांचं जन्मनावच मिर्रा होतं. पंडिता रमाबाईंवर ज्यांनी इतकं मोलाचं लिहिलं, त्या मीरा कोसंबी. (रमाबाई वाचायच्या असतील तर त्यांचे अनुवाद आणि लेख जरूर शोधा.) इंग्लंडच्या बाईला मीरा व्हायला अडचण आली नाही, आणि नगर जिल्ह्यातून इंदूरला आलेल्या मराठी कॅथलिक घरातल्या मुलीला येते.

इथपर्यंत भांडण गोड होतं. मग दाजी बोलले. दाजी मीराच्या बाजूचे निघाले, आणि मला आनंद झाला, अर्धा मिनिट. ते म्हणाले, "मीराच ठेवा. आडनाव आपलं मराठीच आहे. मीरा आणि आपलं आडनाव, शाळेत नाही, कॉलेजात नाही, नोकरीत नाही, कुणी काही विचारणार नाही. शांत जगेल पोरगी."

खोलीत एकदम शांतता झाली. ताईने बाळ माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "म्हणजे नाव पांघरूण म्हणून ठेवायचं? मग मला नकोच ते."

ताईचं नाव उघड कॅथलिक आहे. शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना तिच्या नावाशी बाई थांबायच्या, मग आडनावाशी परत थांबायच्या. "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कशा बोलता?" हे तिला मराठी लोकांनी विचारलंय. "तुम्ही मराठी, मग चर्चमध्ये कशा?" हे चर्चमधल्या लोकांनी विचारलंय. दर वेळी तिने उत्तर दिलंय, हसून, कधी न हसता. आपल्या अंकाचे वाचक, मग ते इंदूरचे असोत, बेळगावचे असोत की गोव्याचे, यातला अर्धा तरी प्रश्न ओळखतील. आपण जिथे राहतो तिथे आपल्याला स्वतःबद्दल एक वाक्य जास्तीचं सांगावं लागतं. दाजींना ते वाक्य मुलीच्या वाट्याला यायला नकोय. बापाला असं वाटलं तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही. त्यांनी कुठे काय ऐकलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

पण मी मात्र अडचणीत आलो. मी ज्या नावाची वकिली करत होतो, कवितेसाठी, समुद्रासाठी, तेच नाव दुसऱ्या माणसाला लपायला सोयीचं म्हणून हवं होतं. आणि ताई मायरा मागत होती ती फॅशन म्हणून नाही. निदान या नावाकडे बघून कुणाला प्रश्न पडेल, आणि मुलगी उत्तर द्यायला शिकेल, म्हणून.

यावर मी आठवडाभर विचार केला. तुमच्यासमोर मांडतो, पटलं तर बघा.

एक म्हणजे, मीरा हे लपणाऱ्या बाईचं नाव नाही. लोककथांमधून काही उरत असेल तर एवढंच उरतं की सासरच्यांनी सांगितलं, झाकून ठेव, आणि तिने झाकलं नाही. राजघराण्यातली विधवा सून साधुसंतांच्या मेळ्यात जाऊन बसली. विषाच्या प्याल्याची गोष्ट खरी असो नसो, ती गोष्ट लोकांना सांगावीशी वाटली, ती तिच्या उघडेपणासाठी. पांघरूण म्हणून नाव शोधायचं असेल तर दाजींनी चुकीच्या बाईला निवडलंय.

दुसरं, आपल्याच घरातलं. आजी. आत्याचा मुद्दा पुढे करून आजीही सुरुवातीला मायराकडे झुकली होती. पण आजीचं काय? चर्चच्या पुस्तकात तिचं नाव बायबलमधलं आहे, आणि गावात तिला अख्खं आयुष्य रखुमाईच्या नावाने हाक मारली गेली. तिच्या रोझरीचे मणी झिजलेत. त्या हाकेने तिच्या श्रद्धेचं काही वाकडं झालं नाही. आणि आमच्याच नगरच्या मातीत संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळक. त्या प्रॉटेस्टंट, ठाऊक आहे, पण मराठी ख्रिस्ती बाईचं लेखन म्हटलं की कॅथलिक माणूससुद्धा आधी 'स्मृतिचित्रे'च काढतो. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, काही वर्षांनी त्या झाल्या, आणि लक्ष्मी लक्ष्मीच राहिल्या. पुस्तकावरही तेच नाव आहे. त्यांच्या नावावरून कुणी त्यांना लपलेल्या म्हणेल का? पुस्तकाची चार पानं वाचा आणि सांगा.

तिसरं मला ताईच्याच कागदावरून सुचलं. मायरात मरिया आहे हे खरं, पण कुठे आहे? अक्षरांच्या आत, उलटसुलट करून, शोधणाऱ्यालाच सापडेल अशी. तीसुद्धा लपलेलीच झाली की! ताईला लपवायचं नाही ना, मग मरिया बाहेर काढून शेजारी बसवू. मीरा मरिया. पूर्ण नाव, मधे फक्त जागा सोडून. शाळेत, दाखल्यावर, चर्चच्या पुस्तकात, सगळीकडे एकच. 'मारिया' नको, तो उच्चार बाहेरचा. आपण प्रार्थनेत म्हणतो ती मरिया. म्हणून बघा, म आणि र दोन्हीकडे तेच आहेत, जीभ कुठे अडत नाही. जुन्या कॅनन लॉलाही हे चाललं असतं.

ताईला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीरा कोण होती ते तुला माहीत, मला माहीत, तुझ्या सरांना माहीत. हजेरी घेणाऱ्या बाईंना काय माहीत? त्या मीरा वाचतील आणि पुढे जातील. मरिया कुणी वाचणारच नाही." याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. लोक लांब नावं अर्धीच वाचतात, हे मी स्वतः अनुभवतो. मी एवढंच म्हटलं की मग ती हात वर करून सांगेल, बाई, माझं नाव अजून संपलं नाही. ताईची पोरगी आहे, सांगेलच.

दाजींनाही मीरा मरिया लिहून दाखवलं. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला. "हे म्हणजे दोन्ही झालं," म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत, पण कागद परत दिला नाही, खिशात ठेवला. आत्याचं मत अजून बदललेलं नाही. ती म्हणते, स्नानसंस्काराच्या दिवशी फादर विचारतील तेव्हा बघू. फादरांना मी गेल्या रविवारी दोन्ही नावं सांगितली. ते म्हणाले, दोन्ही चालतील, फक्त सोमवारपर्यंत पक्कं सांगा, फॉर्म भरायचाय.

तेव्हा हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर नाव ठरलेलं असेल. निकाल मला अजून कळलेला नाही. बाळाला तूर्त घरात सगळे मिरू म्हणतात, ताईसुद्धा, पण विचारलं तर ती म्हणते, मायराचंही मिरू होऊ शकतं. (होत नाही. मायू होतं.)

काल तिला शेवटचं म्हणून सांगितलं, तू नाव मीरा ठेव, पंचवीस वर्षांनी मायरा मी घेऊन येतो, ढोल लावून.

"आधी नोकरीला लाग," ताई म्हणाली, आणि बाळाची लंगोटी बदलायला मला दिली.